एकशेसतरा नंबरचा अभिप्राय

माणूस जन्माला येतो तोच तक्रार करत. ‘छान आहे’ म्हणायला त्याला पुढे शिकवावं लागतं, पण एकदा शिकला की मरेपर्यंत विसरत नाही. घर, लग्न, शेजार आणि कचेरी या चारही संस्था एवढ्याशा शिक्षणावर उभ्या आहेत. अलीकडे त्यात सॉफ्टवेअरची भर पडली आहे.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत अभिप्राय अधिकारी आहे. नवं ॲप बाजारात आणण्याआधी आम्ही ते थोड्या लोकांना वापरायला देतो आणि त्यांना काय वाटलं ते विचारतो. याला बीटा चाचणी म्हणतात. ही चाचणी चुका शोधण्यासाठी असते, असा बाहेर एक गैरसमज आहे. चाचणी झाली असं सांगता यावं म्हणून चाचणी असते. (चुका शोधायच्याच असत्या तर त्या केल्या कशाला असत्या, हा आमच्या संचालकांचा बिनतोड सवाल आहे.)

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, प्रिंटर आणि पाण्याचा कूलर यांच्या मधे आहे. प्रिंटर अडला की लोक माझ्याकडे येतात, पाणी संपलं की माझ्याकडे येतात. अभिप्रायासाठी कोणी येत नाही. यावरून कामकाज सुरळीत असल्याचं सिद्ध होतं.

ज्या ॲपची ही हकिकत, त्याचं नाव ‘वेळेवर’. रक्तदाबाच्या रुग्णाला सकाळी नऊ आणि संध्याकाळी सातला गोळीची आठवण करून द्यायची, एवढंच त्याचं काम. वेळ झाली की घंटा वाजते, पडद्यावर गोळीचं चित्र येतं आणि खाली ‘घेतली’ असं हिरवं बटण दिसतं. ते दाबलं की पडद्यावर फुलांचा पाऊस पडतो, टाळ्या वाजतात आणि ‘शाब्बास!’ ही अक्षरं नाचत येतात. वरच्या कोपऱ्यात घंटा बंद करायची एक बारकी फुली आहे. ती दाबली तरी फुलं पडतात आणि टाळ्या वाजतात. हे चुकून झालेलं नव्हतं. रीतसर बैठक घेऊन ठरलेलं होतं.

“माणूस घंटा बंद कधी करतो?” संचालकांनी बैठकीत विचारलं.

“गोळी घेतल्यावर,” मुख्य प्रोग्रामर म्हणाला.

“मग बंद केली म्हणजे घेतली!”

इतिवृत्तात यापुढे कंसात ‘टाळ्या’ असं लिहिलेलं आहे. त्या मी वाजवल्या होत्या. (मला स्वतःला रक्तदाब आहे. गोळीची आठवण करायला मी बायकोला सांगून ठेवलं आहे.)

मुख्य प्रोग्रामर तिशीतला, कामाला वाघ. चौदा महिने खपून त्याने ‘वेळेवर’ जवळजवळ एकहाती लिहिलं. त्याच्या हुशारीबद्दल कंपनीत दुमत नव्हतं. त्याचं स्वतःचंही नव्हतं.

चाचणीसाठी रुग्ण हवे होते. प्रत्येक कर्मचाऱ्याने नात्यातल्या, रक्तदाब असलेल्या आणि शक्यतो प्रेमळ अशा माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून द्यावीत, असं परिपत्रक निघालं. दोनशे अकरा नावं जमली. गुप्तता राखण्यासाठी प्रत्येकाला नंबर दिला आणि नावांची यादी माझ्या खणात ठेवली. प्रोग्रामरने आपल्या सासऱ्यांचं नाव दिलं आणि त्यांना कोणता नंबर मिळाला ते विचारायचं विसरून गेला. सासऱ्यांना एकशेसतरा नंबर मिळाला. हे फक्त माझ्या खणातल्या यादीला ठाऊक होतं, आणि ती यादी वाचणं माझ्या कामांच्या यादीत नव्हतं.

सासऱ्यांना घरात आप्पा म्हणत. सदतीस वर्षं त्यांनी सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवला होता. पडद्यावर काहीही हललं की अजूनही त्यांचा चेहरा उजळतो. प्रोग्रामरच्या सासूबाई लिफ्ट तपासणी खात्यातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं त्या लिफ्टमध्ये उभ्या राहून वर गेल्या, खाली आल्या, आणि त्यांनी सही केली किंवा केली नाही. एकूण तपासलेल्या लिफ्ट नऊ हजार, पडलेल्या शून्य. “लिफ्ट पडल्यावर अभिप्राय द्यायला कोणी उरत नाही, म्हणून आधी विचारायचं असतं,” असं त्या म्हणत, आणि हे बोलताना हसत नसत. खात्यात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. मीही तेच म्हणतो.

पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता आप्पांच्या फोनची घंटा वाजली. आप्पांनी हाताला लागली ती फुली दाबली. फुलं पडली.

“अगं, लवकर ये! बघ काय आहे!”

बाई हात पुसत बाहेर आल्या. “गोळी घेतलीत?”

“घेतली म्हणतंय की.”

गोळी टेबलावर बशीत होती. बाईंनी गोळीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा गोळीकडे पाहिलं. मग आप्पांना गोळी दिली, पाणी दिलं, चष्मा लावला आणि अभिप्रायाचा फॉर्म उघडला.

या फॉर्मबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण तो मी तयार केला आहे. त्यात पाच चेहरे आहेत: हसरा, जास्त हसरा, खूप हसरा, खदाखदा हसणारा आणि हसून डोळ्यात पाणी आलेला. (रडका चेहरा आधी होता. डोळ्यात पाणी दोन्हीकडे असल्याने तो वेगळा ठेवण्याची गरज उरली नाही.) खाली मत लिहायला चौकट आहे. तिच्यात दहा अक्षरं मावतात. त्याहून लांब असतं ते मत नसून वैर असतं, असा आमचा अनुभव आहे.

बाईंनी खात्यातल्या सवयीने लिहायला घेतलं: ‘ॲप उत्तम आहे हा कंपनीचा दावा निरीक्षणांती फोल ठरला असून…’ माझ्यापर्यंत पोचलं ते ‘ॲप उत्तम आहे’. मी ते त्या महिन्याचं सुवचन म्हणून कूलरवर चिकटवलं.

पहिल्या आठवड्याची आकडेवारी अशी: ‘छान’ एकशे त्रेचाळीस, ‘मस्त’ एकेचाळीस, ‘खूप छान’ एकोणीस, नुसता अंगठा सहा, आणि एका गृहस्थाने चुकून आपल्या मांजराचा फोटो पाठवला. (मांजर प्रसन्न दिसत होतं. होकारार्थी धरलं.) उरला एकशेसतरा. त्याला एव्हाना दहा अक्षरांचा हिशोब कळला होता आणि तो हप्त्याहप्त्याने बोलू लागला होता:

घंटा बंद केली
गोळी हातात
ॲप म्हणतं घेतली
गोळी अजून हातात

सोबत तळहातावरच्या गोळीचा फोटो. चारही वेळा चेहरा निवडलेला, नुसता हसरा. पद्धतीप्रमाणे आम्ही चारही वेळा ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे’ असं कळवलं आणि आठवड्यात चार जादा समाधानी ग्राहकांची नोंद केली. पाचवा हप्ता आला: ‘दुरुस्त करा’. ही विनंती होती. विनंतीसाठी आमच्याकडे रकाना नसल्यामुळे ती मुख्य प्रोग्रामरकडे गेली.

प्रोग्रामरने तांत्रिक विभागाच्या नावाने उत्तर दिलं. (उत्तराला अक्षरांची मर्यादा नव्हती.) त्यांचा पत्रव्यवहार माझ्या दप्तरात आहे, तो जसाच्या तसा देतो.

‘सदर ॲप आमच्या फोनवर व्यवस्थित चालत असून त्यात कोणताही दोष आढळत नाही.’

‘तुम्ही गोळी घेता?’

‘आम्हाला रक्तदाब नाही.’

‘होईल’

यावर प्रोग्रामर कूलरपाशी येऊन तीन पेले पाणी प्यायला. मग त्याने लिहिलं, ‘वापरकर्त्याने सूचनापुस्तिकेची सर्व सेहेचाळीस पानं काळजीपूर्वक वाचावीत.’ तासाभरात उत्तर आलं:

‘वाचली पान९ चूक’

पान नऊवर खरोखरच चूक होती. ‘रुग्णाने गोळी घ्यावी’ असं हवं होतं तिथे ‘रुग्णाला गोळी घालावी’ असं छापून आलं होतं. दोनशे दहा माणसं ते पान ओलांडून पुढे गेली होती आणि त्यांनी पुस्तिकेला सरासरी खदाखदा हसणारा चेहरा दिला होता.

दर रविवारी दुपारी लेक आणि जावई बाईंकडे जेवायला जात. पुढचं मला त्या लेकीने, म्हणजे प्रोग्रामरच्या बायकोने सांगितलं. त्या रविवारी जावयाचा घास तोंडात फिरत होता.

“कामाचा ताण आहे का हो?” बाईंनी विचारलं.

“ताण कसला, सासूबाई! एक एकशेसतरा नंबरचा माणूस आहे. डोकं उठवलंय त्याने. कोणीतरी रिकामटेकडा म्हातारा असणार. घरात बायको विचारत नाही, म्हणून आमच्यावर राग काढतो.”

“असतात बुवा अशी माणसं,” आप्पा मनापासून म्हणाले.

बाईंनी जावयाच्या ताटात आणखी भाजी वाढली.

“बरं, तुम्हाला आमचं ॲप कसं वाटतंय?” जावयाने विचारलं.

“फुलं झकास आहेत,” आप्पा म्हणाले.

“मी लेखी दिलंय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आधी जेवा.”

लेखी दिलंय म्हटल्यावर जावयाला भरून आलं. आपल्या घरातलं माणूस कौतुकसुद्धा लिहून देतं, असं त्याने जाताना बायकोला सांगितलं. बायकोने आईचा चेहरा बघितलेला होता. ती हात धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली होती आणि तिने थेट विचारलं होतं, “आई, एकशेसतरा म्हणजे तूच ना?”

“यांच्या फोनवर तोच नंबर आहे खरा.”

“मग सांगून टाक ना त्याला तोंडावर!”

“जावयाला ताटावर काय सांगायचं? अगं, लिफ्ट नापास करायला मी कधी मालकाच्या घरी गेले नाही. कागदाचं काम कागदावर. वाचेल कधीतरी.”

“तो ऐकायचा नाही.”

“नको ऐकू दे. वाचू दे.”

तोवर बाई रोज दोन्ही वेळा आप्पांच्या हातावर स्वतः गोळी ठेवत होत्या, ती गिळलेली बघत होत्या, आणि मग आप्पांना फुलं पाडायची परवानगी देत होत्या.

इकडे ॲप बाजारात आणायची तारीख ठरली. आमचा नियम स्वच्छ आहे: एकही तक्रार शिल्लक असताना ॲप बाहेर जात नाही. पाच तक्रारी शिल्लक होत्या, पाचही एकशेसतराच्या; पाचवी विनंती निघाल्यावर आधीचे चार समाधानी हप्तेही तक्रारीत धरावे लागले होते. तक्रार मिटवायचे आमच्याकडे तीन मार्ग आहेत. पडद्यावर यादी उघडते, तिच्यात ‘दुरुस्त केलं’, ‘आधीपासूनच दुरुस्त होतं’ आणि ‘दुरुस्तीची गरज नाही’ हे तीन पर्याय येतात. प्रोग्रामरने दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी पहिला पर्याय निवडला. त्याच्या बाजूने हे सांगायला हवं की मनातून तो दुरुस्ती करणारच होता. फक्त आधी निकाल आणि मग काम, असा क्रम त्याने त्या दिवसापुरता लावला. मी शिक्का मारला. एकशेसतराला पत्र गेलं: ‘आपण निदर्शनास आणलेला दोष दुरुस्त करण्यात आला आहे.’ खाली मुख्य प्रोग्रामरची सही होती, पूर्ण नावानिशी.

त्याच संध्याकाळी बाईंना बहिणीचा फोन आला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर आलं होतं आणि जवळ कोणी नव्हतं. बाई जायचं टाळत होत्या त्या आप्पांच्या गोळ्यांसाठी. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. नऊ हजार लिफ्टमध्ये स्वतः उभं राहिल्याशिवाय त्यांनी कोणालाही आत सोडलं नव्हतं. या वेळी मात्र त्या उभ्या राहिल्या नाहीत, कारण गाडीला तासभर उरला होता आणि खाली सही होती, आणि सही जावयाची होती. ‘आभारी आहे’ एवढं त्यांनी आम्हाला कळवलं, पहिल्यांदाच सगळ्यात जास्त हसणारा चेहरा निवडला आणि बॅग उचलली.

“घंटा झाली की गोळी. मग फुलं,” जाताना त्यांनी आप्पांना बजावलं.

“अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?” आप्पा म्हणाले.

मग बारा दिवस आप्पा, घंटा आणि फुली यांचं राज्य होतं. फुलांच्या पावसातच पुन्हा फुली दाबली की नवी फुलं पडतात, हा शोध त्यांनी दुसऱ्या दिवशी लावला. तिसऱ्या दिवसापासून शेजाऱ्यांना बोलावून खेळ लावू लागले. गोळ्यांचं पाकीट शर्टाच्या खिशात होतं, म्हणजे जवळच होतं. सातव्या दिवसापासून जिना चढताना त्यांना गरगरायला लागलं. ते त्यांनी बायकोची आठवण येत असल्याच्या खात्यावर टाकलं आणि फोनवर तिला तसं सांगितलंही. चाळीस वर्षांच्या संसारात असं काही पहिल्यांदाच ऐकल्यामुळे बाई लाजल्या आणि पुढचं विचारायचं राहून गेलं.

तिकडे आमच्या पाचव्या मजल्यावर आनंदीआनंद झाला. पहिल्या दहा दिवसांत घ्यायच्या गोळ्या वीस. एकशेसतराने घेतलेल्या गोळ्या तीनशे एक्याण्णव. औषधपालनाचं प्रमाण एक हजार नऊशे पंचावन्न टक्के.

“शंभराच्या वर कसं जाईल?” कोणीतरी विचारलं. (तो आता आमच्याकडे नाही.)

“निष्ठेला मर्यादा नसते,” संचालक म्हणाले.

एकशेसतराला ‘आदर्श रुग्ण’ म्हणून गौरवायचं ठरलं. तक्रारींचा तक्ता तिसऱ्या मजल्यावर आणि गुणवंतांचा पाचव्या मजल्यावर असल्यामुळे दोन्ही एकशेसतरांची गाठ पडली नाही. निमंत्रण मी पाठवलं. प्रोग्रामरने कार्यक्रमपत्रिकेत तो नंबर वाचला आणि त्याची मूठ वळली. “येऊ दे त्याला,” तो मला म्हणाला. “एकदा तोंड बघतो.”

समारंभ सकाळी साडेआठला होता. तीनशे माणसं, वीस फुटी पडदा, प्रमुख पाहुणे म्हणून एक हृदयरोगाचे डॉक्टर. आदर्श रुग्णाचा रक्तदाब मंचावर मोजायचा आणि आकडा थेट पडद्यावर दाखवायचा, ही कल्पना माझी. आकडा दिसला की टाळ्या वाजवाव्यात, असं मी निमंत्रणातच छापलं होतं, म्हणजे गोंधळ नको.

“आणि आता,” संचालकांनी आवाज चढवला, “एकशेसतरा!”

पडद्याआडून आप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, दोन्ही हात उंचावून. प्रोग्रामर पहिल्या रांगेत उभा राहिला, आणि त्याची वळलेली मूठ हवेतच राहिली.

“आप्पा?”

“अरे, जावईबापू!” आप्पांनी माइकवरून हाक मारली. सभागृह हसलं. त्या दिवसापासून कंपनीत प्रोग्रामरला जावईबापूच म्हणतात.

तेवढ्यात नऊ वाजले. घंटा झाली. आप्पांचा फोन पडद्याला जोडलेला होता. सदतीस वर्षं लोकांना पडदा दाखवणारा माणूस पहिल्यांदा पडद्यासमोर उभा होता. त्यांनी मान तिरकी केली, बोट वर नेलं, सभागृहाला श्वास रोखायला लावला आणि फुली दाबली. वीस फुटांवरून फुलं कोसळली. मग पुन्हा. मग पुन्हा. तीनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी तर शिट्टीही मारली.

“गोळी कुठाय?”

आवाज दारातून आला. समारंभाचं आप्पांनी फोनवर सांगितलं होतं. बाई स्टेशनवरून थेट आल्या होत्या, हातात बॅग तशीच. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने त्या सरळ चालत आल्या.

“अहो, गोळी कुठाय?”

“घेतली की! हे काय, बघ ना,” आप्पांनी पडद्याकडे हात केला. “केवढा मोठा आहे या वेळी!”

बाई मंचावर चढल्या आणि त्यांनी आप्पांच्या खिशातून पाकीट काढलं. ते त्यांनीच बारा दिवसांपूर्वी मोजून ठेवलं होतं. चोवीसच्या चोवीस गोळ्या आपापल्या जागी होत्या. आप्पा काही बोलायला गेले, त्यांचा पाय डगमगला आणि त्यांनी माइकचा दांडा धरला. डॉक्टरांनी धावत येऊन त्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. पडद्यावर फुलांच्या मधोमध फूटभर उंचीचे आकडे उमटले: दोनशे बारा, एकशे अठरा.

सभागृहाने सूचनेप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

“टाळ्या काय वाजवताय!” डॉक्टर ओरडले. “सोफा आणा कोणीतरी!”

मंचामागच्या खोलीत आप्पांना आडवं केलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि दर दहा मिनिटांनी पट्टा आवळत ते शेजारी बसून राहिले. खोलीत हारांचे रिकामे खोके, दोन पंखे आणि न वाटलेल्या पुस्तिकांचे गठ्ठे होते. जावईबापू आप्पांच्या पायाशी जमिनीवर बसला होता. बाई उभ्याच होत्या.

“सासूबाई,” तो म्हणाला, “एकशेसतरा… ते सगळं तुम्ही लिहीत होतात?”

“हो.”

“मी तुम्हाला काय काय उत्तरं दिली…”

“त्याचं काही नाही हो. लिफ्टवाल्यांनी याहून वाईट ऐकवलंय मला. पण तुम्ही ‘दुरुस्त केलं’ असं लिहून दिलंत. खाली सही होती तुमची.” बाईंनी सोफ्याकडे पाहिलं. “त्या सहीवर मी यांना ठेवून गेले.”

जावईबापूने मान खाली घातली. माझ्या हातात अभिप्रायाचे फॉर्म होते, ते मी पाठीमागे धरले. मग त्याने लॅपटॉप मागवला आणि तिथेच, सोफ्याला टेकून, काम सुरू केलं. चार ओळी बदलायच्या होत्या. नऊ मिनिटं लागली. (ती तक्रार कशी मिटवावी यावर आमच्या एकूण सव्वीस तासांच्या बैठका झाल्या होत्या.)

त्याने फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि घंटा वाजवून फुली दाबली. फुलं पडली नाहीत. ‘गोळी राहिली आहे’ अशी साधी ओळ आली आणि पाच मिनिटांनी घंटा पुन्हा वाजली. बाईंनी ते चौदा वेळा करून पाहिलं. भराभर दाबून पाहिलं, फोन बंद करून पाहिलं, उलटा धरून पाहिलं. तोवर डॉक्टरांच्या यंत्रावरचा आकडा हळूहळू उतरत एकशे सत्तरवर आला होता आणि आप्पांनी डोळे उघडून, फुलं का थांबली, अशी पृच्छा केली होती.

“चालेल,” बाई म्हणाल्या.

चौदा महिन्यांत जावईबापूने ‘मस्त’ हा शब्द हजारदा ऐकला असेल. ‘चालेल’ ऐकून तो लहान मुलासारखा रडला. बाईंनी त्याला पदर दिला नाही, पण पाणी दिलं.

एवढं सगळं झाल्यावर जबाबदारी कोणाची, हे ठरवणं क्रमप्राप्त होतं. संचालकांनी एकसदस्य समिती नेमली आणि ते स्वतः तिचे सदस्य झाले. समितीच्या मते कंपनीचा दोष नव्हता, कारण कंपनीने विचारलं होतं. बाईंचा नव्हता, कारण त्यांनी सांगितलं होतं. राहता राहिले दोनशे दहा जण. त्यांना एकेकाला फोन करून कारण विचारायचं काम माझ्याकडे आलं. ते मी सहा दिवस केलं.

चौदा जणांनी फोन उचलला नाही. नऊ जणांनी ॲप कधी उघडलंच नव्हतं. (त्या नवांनीही ‘मस्त’ लिहिलं होतं. हा ॲपचा सर्वांत निर्दोष वापर मानला पाहिजे.) उरलेल्या एकशे सत्त्याऐंशी जणांना फुलीची गंमत पहिल्याच दिवशी कळली होती. एकशे सत्त्याऐंशींच्या एकशे सत्त्याऐंशींना.

“हो तर,” एक शिंपी म्हणाले. “म्हटलं, असेल त्यांची काहीतरी पद्धत. आपण कोण सांगणारे?”

दातांच्या एका डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्ही इतक्या हौसेने विचारत होता. मन मोडवेना.”

“माझ्या भाच्याच्या कंपनीचं ॲप. वाईट कशाला व्हा?” असं म्हणणारे एकतीस मामा, बावीस माम्या आणि सतरा आत्या निघाल्या.

मांजराचा फोटो पाठवणाऱ्या गृहस्थांनी सर्वांत प्रामाणिक उत्तर दिलं. “अहो, दोनशे अकरा लोक होतो आम्ही,” ते म्हणाले. “मला वाटलं, उरलेले दोनशे दहा सांगतीलच की.”

मी प्रत्येकाला आप्पांची हकिकत सांगितली. प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली. बाईंचं तर फारच कौतुक झालं. असं स्पष्ट बोलणारं माणूस हवं हो एखादं, असं बहुतेकांनी स्वतःहून सांगितलं, आणि फोन ठेवण्यापूर्वी माझा आवाज गोड असल्याचंही कळवलं.

आता तुमच्याबद्दल. हे वाचताना तुम्ही पहिल्यापासून बाईंच्या बाजूने होतात, हे मला इथून दिसत होतं. फोनवरचे एकशे सत्त्याऐंशीही होते. नियमाप्रमाणे मी तुम्हालाही विचारायला हवं, की तुमची नोंद बाईंच्या रकान्यात करू की उरलेल्यांच्या. तुम्ही ‘बाईंच्या’ म्हणाल. मला त्याची पडताळणी करण्याचा अधिकार नाही. समोरचं माणूस सांगेल ते लिहून घ्यायचं, एवढंच माझं काम, आणि तुमचं मत मी आत्ताच लिहून टाकलं आहे.